ढब्बूचा पट्टा

गोरखपूर, जबलपूर
मंगळवार, सकाळचे अकरा

आदरणीय अण्णा,

तुमच्या आणि वहिनींच्या पायांशी बसून हे लिहितो आहे असं समजावं. पायांवर डोकंच ठेवलं असतं, पण कंबर सध्या तेवढी वाकत नाही. त्याचं कारण पुढे येईल. तुमच्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला महिना झाला. थेंब वेळेवर घालता ना? (दिवसातून चार वेळा म्हणजे चार वेळा. तुम्ही तीनवर भागवत असाल, धाकटा भाऊ असलो तरी मी तुम्हाला ओळखतो.) वहिनींच्या गुडघ्याला नागपूरची थंडी बाधत नसावी अशी आशा करतो. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर गेल्या मंगळवारपासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. विनता म्हणते उतरतो आहे, तिनं पोळ्या मोजल्या आहेत. पण पोळी उतरणं वेगळं आणि घास उतरणं वेगळं, हे तुम्हाला तरी समजेल.

तुम्ही म्हणाल, काहून पत्र? फोन बंद पडला का? फोन चांगला आहे. पण मला आता कमी ऐकू येतं म्हणून तो स्पीकरवर टाकावा लागतो, तुम्हालाही कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही ओरडता, आणि आपल्या दोघांचं खाजगी बोलणं जिन्यावरून थेट वरच्या खोलीत जातं. वरच्या खोलीत आमची सून श्रद्धा बसलेली असते. हे पत्र तिच्याबद्दल आहे, माझ्याबद्दल आहे, आणि ढब्बू नावाच्या एका प्राण्याबद्दल आहे जो प्रत्यक्षात नाही. शांतपणे वाचा. मधेच चष्मा काढून 'विष्णू वेडा झाला' असं वहिनींना सांगू नका.

श्रद्धा लग्न होऊन सांगलीहून इथे आली त्याला आठ महिने झाले. तुम्ही लग्नात पाहिलीच आहे. कंपनी तिची पुण्याची, काम घरूनच, म्हणजे दिवसभर वरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर. यशोधन बरगीला धरणाच्या वीजघरात, सोमवारी सकाळी जातो तो शनिवारी संध्याकाळी उगवतो. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस घरात आम्ही तिघंच. आणि या आठ महिन्यांत तिच्या तोंडून मी मुख्यतः दोन शब्द ऐकले, 'चालेल बाबा'. भेंडीची भाजी करू? चालेल बाबा. पंखा बंद करू? चालेल बाबा. आम्ही दोघं तुम्हा सगळ्यांना फोनवर सांगत होतो की मुलगी फार समजूतदार मिळाली, कशाची तक्रार म्हणून नाही. तुम्हालाही सांगितलं होतं. ते वाक्य आता मी परत घेऊन राहिलो.

तर या श्रद्धाकडे एक यंत्र आहे. वहीएवढं, मधे काच, दोन बाजूंना बटणं. त्यावर ती एक खेळ खेळते. खेळाचं नाव इंग्रजी आहे आणि माझ्या दातांच्या कवळीला ते झेपत नाही, घरात आम्ही त्याला प्राण्यांची झुंज म्हणतो. आजवर त्याचे नऊ भाग निघाले म्हणे. माणसानं नाना तऱ्हेचे काल्पनिक प्राणी पाळायचे, त्यांना खाऊ-पिऊ घालून वाढवायचं आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी लढवायचं. (प्राणी मरत नाहीत, नुसते चक्कर येऊन पडतात. हे मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.) तिचा लाडका प्राणी म्हणजे ढब्बू. अंग कासवाचं, पाठीवर साळिंदराचे काटे, तोंड मात्र एखाद्या सज्जन पोस्टमास्तरासारखं. श्रद्धा देशभरातल्या खेळाडूंच्या एका स्पर्धेत चढत चढत शेवटच्या आठांत पोचली होती. पुढची फेरी गेल्या शनिवारी दुपारी चारला, घरबसल्या. ती जिंकली असती तर अंतिम सामन्यांना हैदराबादला जायचं होतं, आणि तिथे तिची शाळेपासूनची मैत्रीण दीपा येणार होती, जी तिला लग्नानंतर भेटलेलीच नाही. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

बारा दिवसांपूर्वी, गुरुवारी, सांगलीहून फोन आला की तिच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. शुक्रवारी ती निघाली आणि निघताना ते यंत्र माझ्या हातात दिलं. दवाखान्यात आईच्या उशाशी खेळ घेऊन बसणं तिला बरं वाटेना, आणि तीन दिवस लक्ष दिलं नाही तर ढब्बू रुसतो आणि मग लढत नाही. तिनं मला शिकवलं: सकाळी एकदा खाऊ घालायचा, एकदा नदीकाठच्या रस्त्यावर फिरवून आणायचा, परत पिंजऱ्यात. "बाबा, एवढंच करा. बाकी काही दाबू नका." अण्णा, सदतीस वर्षं मी फॅक्टरीत लष्करी गाड्यांच्या ब्रेकची तपासणी केली, माझ्या सहीशिवाय एक पेटी फाटकाबाहेर गेली नाही. पण रिटायर झाल्यापासून घरात कोणी मला दुधाच्या पातेल्याचीसुद्धा जबाबदारी देत नाही. (एकदा दूध उतू गेलं होतं. एकदाच.) आणि ही मुलगी आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे काही मागत होती. मी लगेच एक रजिस्टर उघडलं. तारीख, वेळ, खाऊ, चाल, प्रकृती, शेरा. शनिवार, रविवार, सोमवार, तिन्ही दिवशीचा शेरा 'समाधानकारक'.

आता एका पट्ट्याबद्दल सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. या खेळात प्रत्येक प्राणी लढाईला जाताना अंगावर एक वस्तू बाळगू शकतो. ढब्बूच्या कमरेला एक लाल पट्टा होता. तो पट्टा रोजच्या धक्क्याबुक्क्यांत काही करत नाही. पण प्राणी पुरता धडधाकट असताना समोरच्यानं असा घाव घातला की ज्यात तो एका फटक्यात आडवाच व्हावा, तर तो घाव पट्टा स्वतःवर घेतो. प्राण्यात केसाएवढा जीव शिल्लक राहतो आणि त्याला उलटा वार करायची एक संधी मिळते. ढब्बूचा उलटा वार भयंकर आहे. म्हणजे श्रद्धाची सगळी युक्ती यावरच उभी होती की ढब्बूला शेवटी उतरवायचं, त्यानं एक मोठा घाव खायचा आणि मग समोरच्याला झोपवायचं. फक्त पट्टा एकदा कामी आला की तुटतो. संपला. खेळातल्या दुकानात बदलून मिळत नाही. (स्पर्धेच्या सामन्यात तुटला तर सामना संपल्यावर परत मिळतो, असा नियम आहे. रस्त्यावरच्या भांडणात तुटला तर नाही. नियम करणाऱ्याला माझ्यासारखा कोणीतरी भेटला असणार.)

गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहाला मी ढब्बूला फिरवून आणत होतो. विनता शेजारी मटार सोलत होती. नदीवर एक लाकडी पूल आहे, त्या पुलावर एक टोपीवाला इसम आडवा आला. मी बाजूनं काढायला गेलो, तोही बाजूला सरकला. काचेवर अक्षरं आली की हा इसम तुम्हाला आव्हान देतो आहे, आणि मी काही समजायच्या आत त्यानं रेड्यासारखा एक प्राणी मैदानात सोडला. नाकातून वाफ, शिंगं दारातून येणार नाहीत एवढी. मी 'पळा' असं लिहिलेलं बटण शोधून दाबलं. अक्षरं आली की आव्हानातून पळता येत नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. विनताला म्हटलं, काय करू? ती मटारातून मान वर न काढता म्हणाली, "काहीही दाबा, पण एक काय ते दाबा." मी जे दाबलं त्यानं ढब्बूनं जिभेनं स्वतःचं नाक चाटलं. तेवढ्यात रेडा आला. सगळी काच पांढरी झाली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ढब्बू उभा होता, थरथरत, जीव केसाएवढा, आणि खाली शांतपणे एक ओळ लिहून आली होती की पट्टा तुटला.

पुढच्या वारात ढब्बूनं रेड्याला लोळवलं, हेही सांगायला हवं, कारण त्याच्या कर्तबगारीत काही उणं नव्हतं. टोपीवाला निघून गेला. रजिस्टरमध्ये त्या दिवशीचा शेरा मी पेन्सिलीनं लिहिला आहे.

मला वाटलं, पट्टाच आहे, दुसरा मिळत असेल. बुधवारी सकाळी बस पकडून बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेलो. तिथे कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत केतन म्हणून ओळखीतला एक माणूस मोबाइल दुरुस्त करतो. पण त्याचं दुकान उघडायचं होतं, आणि मला धीर निघेना, म्हणून शेजारच्या मोठ्या दुकानात विचारलं, भैया, पट्टा मिलेगा क्या, एक बार झटका झेलने वाला. त्यानं माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, "मिलेगा अंकल जी. कमर का कि घुटने का?" मी म्हटलं कमरेचा, कारण ढब्बूच्या कमरेचाच होता. त्यानं एक रुंद, मांसाच्या रंगाचा, चिकटपट्टीचा पट्टा माझ्या अंगावर आवळून दाखवला. (दुकान कंबर-मान-गुडघ्याच्या सामानाचं होतं. पाटी मोठी होती, पण चिंतेत माणूस पाटी वाचत नाही.) मी समजावून सांगू लागलो की मला नको, घरी एक प्राणी आहे. तो म्हणाला, जानवर का साइज नहीं आता. तोवर दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली होती, म्हणून मी तो पट्टा घेतला आणि अंगावर तसाच ठेवून बाहेर पडलो. आणि खरं सांगू का, अण्णा, चार दिवस त्या यंत्रावर वाकून वाकून कंबर एवढी धरली होती की त्या पट्ट्यानं बरं वाटलं. तो आजही बांधलेला आहे.

केतन आल्यावर त्याला सगळं सांगितलं. भला माणूस आहे, हसला नाही. नुसता खाली वाकून काहीतरी शोधत राहिला. मग म्हणाला, तो पट्टा दोनच तऱ्हेनं मिळतो. एक म्हणजे दुसऱ्या खेळाडूनं आपल्याकडचा दिला तर. नाहीतर खेळातल्या उत्तरेकडच्या डोंगरावर एक म्हातारा पैलवान बसतो, त्याच्या शंभर फेऱ्या जिंकल्या तर. मी विचारलं, शंभर फेऱ्यांना किती दिवस लागतात? तो म्हणाला, खेळ चांगला येणाऱ्याला दोन-तीन महिने. माझ्याकडे अडीच दिवस होते. निघताना तो हळूच म्हणाला, "अंकल, भाभी को सच बता दीजिए." हा सल्ला मला पटला, म्हणून मी तो पुढे ढकलला. बुधवार दुपार ते शुक्रवार सकाळ मी तो डोंगर नऊ वेळा चढलो. पैलवानानं नऊ वेळा मला खाली पाठवलं. दरवेळी तो आदरानं वाकून निरोप देतो, त्यानं जास्त वाईट वाटतं.

शुक्रवारी दुपारी तिची गाडी आली. मी स्टेशनवर गेलो होतो, मनात वाक्य पाठ केलं होतं: श्रद्धा, एक गोष्ट घडली आहे आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. (हे वाक्य फॅक्टरीत मी दुसऱ्यांकडून पुष्कळ वेळा लिहून घेतलं होतं.) ती डब्यातून उतरली, चेहरा आठ दिवसांच्या जागरणाचा, आणि पहिलं वाक्य म्हणाली, "बाबा, आईचं सगळं नीट झालं. तुम्ही होतात म्हणून निर्धास्तपणे गेले मी." मग माझ्या हातात भडंगाचा पुडा दिला, मला आवडतं म्हणून मुद्दाम आणलेला. सांगा, अशा वेळी कोण बोलेल? घरी येऊन तिनं यंत्र उघडलं, ढब्बूला पाहिलं आणि म्हणाली, छान गुबगुबीत झालाय. झाला होताच, चिंतेनं मी त्याला दिवसातून पाच वेळा खायला घालत होतो. पट्ट्याची नोंद वेगळ्या पानावर असते, ते पान तिनं उघडलं नाही. मी जिन्यात उभा राहिलो होतो. दोनदा खोकलो. ती म्हणाली, "बाबा, आल्याचा काढा करून देऊ?"

शनिवारी सकाळी नाश्त्याला ठरवलं, आता सांगायचं. तोंड उघडलं तर यशोधनचा बरगीहून फोन आला, की पाण्याची पातळी पाहायला वरचे साहेब येत आहेत, रविवारीच येईन. तिनं फोनवर 'चालेल' म्हटलं आणि पुढ्यातले पोहे बोटानं एका बाजूला केले. मला बोलवेना. दुपारी दोनला ठरवलं, तर ती झोपली होती. अण्णा, तुम्हाला आठवत असेल, लहानपणी वडिलांची दौत माझ्या हातून सांडली होती आणि मी दोन दिवस सुट्टी असल्यासारखा गच्चीवर राहिलो होतो. साठी उलटून सहा वर्षं झाली, पण गच्ची सापडली असती तर मी चढलो असतो.

चारला दहा मिनिटं कमी असताना ती खाली बैठकीत येऊन बसली, कारण खाली इंटरनेट चांगलं चालतं. ती तीन प्राणी निवडू लागली. मी खुर्चीतून उठलो आणि म्हणालो, "श्रद्धा, पट्टा नाही."

तिनं माझ्या कमरेकडे पाहिलं. "आहे की बाबा."

"माझा नव्हे. ढब्बूचा."

तिनं ते पान उघडलं. मी पूल, टोपीवाला, रेडा, सगळं तारीखवार सांगितलं, रजिस्टरही पुढे केलं. तिनं ते घेतलं नाही. चार वाजले. समोर कुणीतरी चेन्नईचा खेळाडू होता. ती खेळली आणि, मला आता थोडं कळतं म्हणून सांगतो, फार शर्थीनं खेळली. तिचे दोन पडले, त्याचे दोन पडले. शेवटी ढब्बू उतरला, सज्जन तोंडानं, अंगावर काही नाही. समोरून घाव आला. ढब्बू डोळे मिटून एका कुशीवर झाला. पट्टा असता तर पुढचा वार ढब्बूचा होता, आणि समोरच्याच्या प्राण्यात त्या वेळी मोजून वाटीभर जीव उरला होता.

तिनं यंत्र हळूच टीपॉयवर ठेवलं. मला वाटलं, आता म्हणेल, चालेल बाबा. मी मनातून तेच मागत होतो, हे कबूल करतो.

"मी एकच गोष्ट सांगितली होती," ती म्हणाली. "एक. बाकी काही दाबू नका." आणि मग, अण्णा, ती माझ्यावर ओरडली. यशोधनची आईसुद्धा माझ्यावर अशी कधी ओरडली नाही (विनता ओरडत नाही, ती भांडी आपटते). स्वयंपाकघरातला गॅस बंद झाल्याचा आवाज आला आणि विनता हात पुसत येऊन दारातल्या स्टुलावर बसली. श्रद्धा म्हणत होती, "शंभर फेऱ्या केल्यात मी त्या पट्ट्यासाठी. कधी केल्या माहितीये? एप्रिल, मे, जून. हे बरगीला. तुम्ही दोघं दुपारचे झोपलेले. रस्त्यावर सगळे हिंदीत बोलणार, मला भाजीवाल्याला दुधी म्हणजे काय ते सांगता येत नव्हतं. दिवस दिवस कुणाशी बोलायचे नाही मी. त्या डोंगरावर चढत बसायचे."

मी म्हटलं, मग आम्हाला सांगायचं ना, बेटा.

"कसं सांगू? मी चालेल म्हटलं की तुम्ही किती खूश व्हायचात."

सदतीस वर्षं ब्रेक तपासले, पण हे माझ्या नजरेतून सुटलं. ती थांबली नाही. आठ महिन्यांचं एकदम बाहेर आलं. चहात आलं एवढं घालता की घसा जळतो. सकाळी सातला बातम्या लावता त्या पलीकडच्या गल्लीत ऐकू जातात. माझ्या दाराबाहेर उभं राहून खोकू नका, सरळ दार वाजवा. दोडक्याची भाजी मला मुळीच आवडत नाही आणि ती दर गुरुवारी असते. विनता तिथे 'अगं, मग आधी' असं काही म्हणू लागली, तर श्रद्धा तिच्याकडे वळून म्हणाली, "आई, तुमच्यावर नंतर येते." विनता गप्प बसली. मी तिला चाळीस वर्षांत असं गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. शेवटी श्रद्धाला रडू आलं. विनतानं तिला जवळ घेतलं नाही (तसं तिला जमत नाही), स्टूल ओढून तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, दोडकं मलाही आवडत नाही, यांनाच लागतं. मग दोघी माझ्याकडे पाहू लागल्या.

त्या संध्याकाळचा चहा श्रद्धानं केला, बिनआल्याचा. अगदी पाणचट होता. मी दोन कप प्यालो. रात्रीच्या जेवणाआधी विनता मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आता आली ही आपल्या घरी." आणि मला वाटलं, ती खरं बोलून राहिली.

पण चिंता काही जात नाही. रविवारी यशोधन आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बायकोबरोबर दिवसभर बाहेर गेला. आता वरच्या साहेबांकडे जबलपूरच्या बदलीचा अर्ज करणार म्हणतो. झाली नाही तर काय, या काळजीत मी आहे. झाली तर तो रोज घरी असेल, मग बातम्या कोणी लावायच्या, याही काळजीत आहे. हल्ली श्रद्धाला काही विचारलं की ती सरळ 'नको' म्हणते. काल दिवसात सात वेळा म्हणाली. चांगलं लक्षण आहे असं विनता म्हणते. पण माणसाला सवय व्हायला वेळ लागतो. हैदराबाद हुकलं ते हुकलंच. ती दीपाशी फोनवर बोलताना मी ऐकलं (जिन्यात नव्हतो, अंगणात होतो), ती म्हणत होती, जाऊ दे गं, पुढच्या वर्षी. ते 'जाऊ दे' मला टोचून राहिलं आहे.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार. डोळ्यांना जपा, हे पत्र एका दमात वाचू नका, दोन हप्त्यांत वाचा. लहानपणापासून माझ्या चुका पोटात घालत आलात, अजून जागा असेल असं धरून चालतो.

तुमचा धाकटा,
विष्णू

ता. क. : आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. तुमचा वेदांग हा खेळ खेळतो आणि त्याच्याकडे असे दोन पट्टे आहेत, असं मला खात्रीलायक कळलं आहे. वहिनींनीच मागे सांगितलं होतं, की अडतिसाव्या वर्षी, बँकेत मॅनेजर असून, जेवणाच्या सुट्टीत दार लावून खेळतो म्हणून. (तुम्हाला हे ठाऊक नसेल तर मागची ओळ वाचली नाही असं समजा, आणि वहिनींना माझं नाव सांगू नका.) दोनांतला एक पट्टा तो इंटरनेटवरून श्रद्धाकडे पाठवू शकतो. काकाच्या अधिकारानं मी त्याला हुकूम केला असता, पण लग्नात त्याच्या भाषणाच्या वेळी मी माइक बंद केला होता, ते त्यानं मनात ठेवलं असेल. तुम्ही मागा. कशाला हवा विचारलं तर सांगा, एका प्राण्याच्या कमरेला.

ता. क. २ : विनतानं पत्र वाचलं आणि खोटं लिहून पाठवलंत तर मी खाली वेगळं लिहीन असं बजावलं, म्हणून खुलासा करतो. पुलावरचा टोपीवाला आडवा आला नव्हता. तो कठड्याला टेकून उभा होता. मीच त्याच्याजवळ गेलो. त्यानं 'एवढासा प्राणी घेऊन कुठे निघालात' असं विचारलं आणि खाली हो-नाही आलं. 'नाही'वर आधीच खूण होती. मी ती सरकवून 'हो' दाबलं. दोनदा दाबावं लागतं, दोनदा दाबलं. शिवाय त्याआधी शनिवार ते सोमवार मी अशा चौदा इसमांशी लढलो होतो आणि त्यांतले अकरा हरवले होते. रजिस्टरमध्ये ती नोंद नाही. पण अण्णा, इतकं बरं मला रिटायर झाल्यापासून वाटलं नव्हतं. हे श्रद्धाला अजून सांगायचं आहे. पाकीट बंद करायच्या आधी नाही.

ता. क. ३ : अण्णाकाका, नमस्कार, मी श्रद्धा. पिनकोड घालायला बाबांनी पत्र माझ्याकडे दिलं आणि पाकीट बंद करायला विसरले. चौदा लढायांचं मला शुक्रवारीच कळलं होतं, यंत्र सगळं लिहून ठेवतं. फक्त पट्ट्याचं पान मी पाहिलं नाही. वेदांगदादांना प्लीज काही सांगू नका. शनिवारपासून बाबा रोज रात्री जेवणानंतर माझ्याबरोबर डोंगर चढायला बसतात. शंभरातल्या आमच्या अकरा फेऱ्या झाल्या आहेत, त्यातल्या दोन त्यांच्या. पट्टा आयता आला तर ते खुर्ची उचलून परत टीव्हीसमोर जातील.